इरल्याखालच्या काठ्या

बाजारात गवार आणि लाल भोपळा एकदम महाग झाला, अळूच्या जुड्या रांगेनं लागल्या, की इतरांना कळतं, पितृपंधरवडा लागला. मला ते पोटातून कळतं. बेंबीच्या वर एक गोळा येऊन बसतो आणि सर्वपित्री अमावास्या उलटून चार दिवस जाईपर्यंत हलत नाही. आई म्हणते, ओवा खा. ओव्यानं जाणारा हा गोळा नव्हे हे तिलाही ठाऊक आहे, पण आईला काहीतरी सांगावंच लागतं.

मी मुळातलीच भित्री. नागावच्या वाडीत वाढले, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही. सुपारीच्या बुंध्याशी पडलेली झावळी संध्याकाळी हलली तरी किंचाळायची. आता शनिवार-रविवारी मुंबईची माणसं त्याच समुद्रात केळ्यासारख्या होडीवर बसतात आणि मुद्दाम पाण्यात पडतात, वर पैसेही देतात. ते मला अजून समजलेलं नाही. अशी बाई कॉलेजात संगणक शिकवायला लागली तेव्हा घरच्यांना बरंच वाटलं. संगणक चावत नाही, बुडवत नाही. मलाही तसंच वाटायचं.

हे दिवस तसे देखणे असतात. पाऊस दमलेला, पाठीला उन्हाचा चटका आणि पायाखाली अजून ओल. आमच्या बाजूला नारळाच्या बागा आणि वाळू, पण स्कूटर काढून खाडीच्या अंगाला गेलं की खारेपाट लागतो. तिथे भात निसवलेलं असतं, कणसात दूध भरत असतं, आणि वारा पडला की सगळ्या शेताला तांदळाच्या पेजेसारखा वास येतो. पूर्वी मी तो वास घ्यायला गाडी थांबवायची. आता तो आला की माझी नजर शेतावरून बांधावर जाते.

ते शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक बांध असतो, बस. पुरुषभर उंचीचा, वरून दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की खाडीचं पाणी बांधाच्या कडेला येऊन टेकतं, आणि भाद्रपदातलं उधाण मोठं. बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला खांड म्हणतात. खांड पडली की त्या वर्षीचं भात जातंच, पण मीठ एकदा मातीत बसलं की शेत पुढे दोन-तीन वर्षं पांढरं पडून राहतं. म्हणून उधाणाच्या दिवसांत भर दुपारच्या भरतीला पाळीपाळीनं घरटी एक माणूस बांधावर फेरी मारतो. हा नियम कुणी लिहिलेला नाही आणि मोडल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. तो माझ्यामुळे मोडला.

धर्माकाका त्या फेरीतले सगळ्यात जुने. सत्तरीचे, काटकुळे, कमरेला टॉवेल आणि हातात बांबूची काठी. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बांधावर गेले तेव्हा ते शेताच्या बाजूनं उताराला लागून बसले आणि एका भोकातून झिरपणारं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करतात, त्यातून ते येत होतं. मला म्हणाले, “बगा बाई. हाताची रेग दिसतंय ना? निवल पानी आला तं भिवाचा न्हाय, बांधाला घाम आलाय समजाचा. गढूल आला तं धावाचा. बांध आतून जातंय.”

मी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या विषयात याला काय म्हणतात तेही कंसात लिहिलं आणि फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

आम्ही तिथे कशाला गेलो होतो, तर संशोधन करायला. परदेशातल्या एका विद्यापीठानं एक योजना काढली होती, ‘विकसनशील देशांत सॉफ्टवेअर संशोधनाची क्षमता उभारणे’. आमच्यासारख्या लहान कॉलेजाला अशा योजनेत घेतात हेच नवल. अर्जात रकाने होते, किती संगणक, किती विद्यार्थी, किती निबंध छापून येतील. आपण विकसनशील आहोत हे वर्तमानपत्रात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या सहीवर लिहून देणं वेगळं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी मला दारापाशी उभी करून भिंतीवर उंचीची खूण करतंय.

पण आनंदही झाला, तो नाकारत नाही. प्रयोगशाळेच्या मागची अडगळ रिकामी करून आम्ही संशोधनाची खोली केली. साजिदा तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. वडील कुवेतला, घर म्हसळ्याकडचं, इथे मावशीकडे राहून शिकणारी. वर्गात पोरगी तोंड उघडत नसे, पण तिनं लिहिलेला प्रोग्रॅम वाचला की वाटायचं, कुणीतरी घर झाडून-पुसून, चपला रांगेत लावून ठेवल्यात. भरतीची वेळ काढायचा धर्माकाकांचा हिशोब होता, तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता. तिनं पहिल्याच दिवशी तेवढ्या एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला आणि मोबाईलवरच्या वेळांशी ताडून बघितला. थोड्या मिनिटांचा फरक. ती हसून म्हणाली, “आमच्याकडे पण चांदच बघतात, मॅडम. हे तर घरचंच गणित निघालं.”

मग बांधात अकरा काठ्या रोवल्या. प्रत्येक काठीच्या पोटात मातीची ओल मोजणारं यंत्र आणि वर्षभर पुरेल अशी बॅटरी. देवळाच्या पत्र्यावर एक डबा बसवला. काठ्या डब्याला सांगणार, डबा परदेशातल्या संगणकाला, आणि तिथून आमच्या खोलीतल्या पडद्यावर रेघ उमटणार. बांध भिजत चालला की रेघ वर चढेल आणि आम्ही गावाला आधीच सावध करू. गावानं नारळ फोडला, काठ्यांना कुंकू लावलं. धर्माकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “बाई, तुमची मशीन हाक मारंल काय?”

मी म्हटलं, “हाक कशाला काका, मेसेज येईल सगळ्यांना.”

बांधावरच्या फेरीत काही दिसलं की माणूस तोंडाला हात लावून हाक मारतो आणि ती हाक पुढचा माणूस उचलतो, हे तेव्हा मी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

आषाढ गेला, श्रावण गेला. आम्ही बांधावर गेलो नाही. हे वाक्य मी आजवर पुष्कळदा आडवळणानं सांगितलंय, प्रवेशाची गर्दी होती, परीक्षा होत्या, तपासणीच्या समितीसाठी फायली भरायच्या होत्या. खरं एवढंच की जायची गरज वाटली नाही. माहिती आपल्या पायांनी चालत खोलीत येत होती. बाहेर पागोळ्या धो-धो आणि आत पडद्यावर अकरा रेघा, सरळ, शांत, निजलेल्या बाळांसारख्या. एवढ्या पावसात बांध कोरडा. मला वाटलं, काय मजबूत बांध आहे!

त्या परदेशी विद्यापीठातले प्राध्यापक पडद्यावरून बोलायचे, जाड चष्मा, मनमिळाऊ माणूस. इतका स्वच्छ डेटा आपण कुठल्याच देशातून पाहिला नाही, असं ते म्हणाले. साजिदा माझ्याकडे बघून लाजली. त्या डेटावर आमचा निबंध लिहून झाला, पाठवूनही झाला. पहिलं नाव तिचं, कारण काम तिचं. त्या नावाच्या जोरावर परदेशात पुढचं शिक्षण मिळेल, असं त्या प्राध्यापकांनीच सुचवलं होतं. मावशीनं शिरखुर्मा पाठवला. खोलीत बसून खाल्ला आम्ही, यंत्रांच्या गरम वासात.

भीती त्या साऱ्या दिवसांत मला एकदाही वाटली नाही. मी, झावळीला भिणारी. आज मागे वळून बघते तेव्हा अंगावर काटा येतो तो याचाच.

सर्वपित्रीच्या सकाळी धर्माकाकांचा फोन आला. त्यांच्याकडे पानं वाढायची होती, पाव्हणे आले होते, साऱ्या गावातच तो दिवस तसा. “बाई, आज फेरी मारू का ऱ्हाऊ दे?” मी पडद्याकडे बघितलं. अकराही रेघा खाली. माझ्या समोर चहा होता, त्यात मी बिस्कीट बुडवत होते, हे मला नको इतकं स्पष्ट आठवतं. मी म्हटलं, “गरज नाही काका. सगळं कोरडं आहे. तुम्ही निवांत पानं वाढा.”

दुपारी एकच्या आत खांड पडली.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन लखलखत होतं. भाताच्या कणसांतून खाडीचं पाणी आरामात हिंडत होतं, घरचंच असल्यासारखं, आणि मधूनच एखादा बोय मासा उडी मारत होता. माणसं बांधावर उभी होती, हातात घमेली, आणि कित्येकांच्या बोटांना वरणभात तसाच वाळलेला. पानावरून उठून धावली होती. घरांच्या कौलांवर कावळ्यांसाठी ठेवलेली पानं मला तिथूनही दिसत होती. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या पडल्या असत्या तर आजचा हा गोळा थोडा लहान असता.

सातव्या आणि आठव्या काठीच्या मधला बांध नव्हता. काठ्या मात्र दोन्ही ताठ. धर्माकाका माझ्याजवळ आले, चिखलानं बरबटलेले, आणि सातव्या काठीकडे बोट करून समजुतीच्या सुरात म्हणाले, “घाबरू नको बाई. तुमच्या काठ्यांना कायेक झाला न्हाय.”

तेव्हा मला ते दिसलं. काठीच्या बुंध्याभोवती निळ्या प्लास्टिकचं इरलं बांधलेलं होतं. लावणीच्या वेळी बाया पावसात डोक्यावरून पाठीवर घेतात तसंच, सुतळीनं नीट आवळून. कडेनं चिकणमातीचा जाड लेप, तळहातांनी थापलेला, बोटांचे ठसे अजून उमटलेले. मी धावत सहावीकडे गेले. तिलाही इरलं. पाचवीला, चौथीला. अकराच्या अकरा.

“येवरी म्हागाची वस्तू, पानी लागंल न्हाय का?” काका म्हणाले. “बायांनी पयल्या पावसालाच बांधली. माती बी ठासली, पडाला नको. कालेजची चीज हाय, आपल्या गावानं तिचा हाल केला असा नको व्हायाला.”

सगळा बांध भिजत होता आणि अकरा ठिकाणी, नेमका काठ्यांखाली, तो गावानं मायेनं कोरडा ठेवला होता. आम्ही तीन महिने गावाची माया मोजत होतो. साजिदा सातव्या काठीपाशी उकिडवी बसली आणि फोन काढून बघितला. काठी त्या क्षणीही सांगत होती, कोरडं.

सोमवारी ती खोलीत आली ती डोळे सुजवून. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते. खोटं कशाला लिहू, जुळवाजुळव गप्प राहण्याची होती. निबंधात बांध फुटल्याचा उल्लेख नव्हता, डेटा स्वच्छ होता, नाव तिचं होतं. तिकडे कुणाला इरलं माहीत असणार? मी अजून तोंड उघडलं नव्हतं तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, पेपर मागे घेऊ. अब्बांना रात्रीच सांगितलं मी. ते बोलले, दुसऱ्याच्या शेतातलं पाणी आपल्या नावावर नको.”

आम्ही निबंध मागे घेतला. प्राध्यापक चांगले वागले, पण योजनेचा पुढचा टप्पा दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या नदीवर गेला. मार्चअखेर एका सकाळी पडदा उघडेना. आमच्याच काठ्यांची माहिती बघायला आम्हालाच परवानगी नव्हती, संगणक त्यांचा, प्रोग्रॅमचं पोट त्यांचं, आमच्याकडे फक्त खिडकी होती आणि ती बंद झाली. शेवटच्या अहवालात विचारलं होतं, कोणती क्षमता उभी राहिली? मी तो रकाना रिकामा सोडला. साजिदाची परदेशातली जागा गेली ती गेलीच. ती इथेच राहिली, त्याच खोलीत, पीएचडी करते आहे. तिला मी अडकवून ठेवलं की काय, ही आणखी एक भीती. पण तिला ते विचारायचं मला धैर्य होत नाही.

त्या हिवाळ्यात मी धर्माकाकांच्या ओटीवर जाऊन बसायची. माफी मागायला गेले की ते चहा टाकायला सांगायचे. शेत पांढरं पडलं होतं, त्यावर ऊन पडलं की डोळे दिपायचे. एकदा म्हणाले, “तुमची चूक न्हाय बाई. आमचाच भ्याव ग्येला. मशीन हाय म्हटल्यावर रात्री झोप लागाला लागली. भ्याव हाय तवर बांध हाय.”

मग आम्ही नव्यानं सुरुवात केली, जुन्या संगणकांवर, स्वतःच्या खोलीत, चावी स्वतःकडे. या वेळी काठ्यांच्या आधी माणसं. बांधावरच्या फेरीवाल्यानं दर बिळाशी थांबायचं आणि फोनमध्ये बोलायचं, निवल की गढूल. बाहेरून आणलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमला ही बोली कळेना, तेव्हा साजिदानं ती ओळखायला स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला, गावातल्या आवाजांवर. पहिल्या हंगामात तोही पाण्यात गेला, कारण फोनमागे मॅडम ऐकतात म्हटल्यावर सगळे एकच सांगायचे, “सगला बरा हाय. तुमी बऱ्या ना?” मॅडमना वाईट बातमी कशी द्यायची? वर्ष गेलं त्यांना समजावण्यात, की आम्हाला वाईटच हवं आहे, पाव्हणचार नको. आणि एक नियम आम्ही दोघींनी भिंतीवर लावून ठेवला. हा प्रोग्रॅम आधी कुठे बघायला जायचं ते सांगेल. जाऊ नका, असं कधीही सांगणार नाही.

यंदा तो पहिल्यांदा पुरा चालू आहे, नव्यानं रोवलेल्या काठ्यांसकट, आमचा आमचा. त्यामुळे यंदाचा गोळा मुठीएवढा आहे. परवा धर्माकाकांना भेटले. त्यांना आता बांध चढवत नाही. ओटीवर पाय पसरून बसले होते. म्हणाले, “माजं गुडघं ग्येलं. माजा भ्याव आता तुमी ठेवा.” मी हसले आणि घरी येताना स्कूटरवर रडले.

आज सर्वपित्री. सकाळपासून कॉलेजात बसवेना. पडद्यावर चौथी-पाचवी काठी जरा पिवळी, म्हणजे किंचित ओल, बाकी हिरवं. फेरीवाले नेहमीचेच, त्यांनी पहाटेच्या ओहोटीला नजर टाकून ठेवली होती, भरतीआधी पुन्हा येणार होते. तरी साडेदहाला आम्ही दोघी निघालो. साजिदा उघाडीच्या टोकाकडून, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार आहे तिकडून. मी देवळाकडून. मध्ये भेटायचं ठरलं.

खाडी बांधाला टेकली होती. माती गरम, वर भेगा आणि आत ओल. पहिली काठी, दुसरी. कुणाला इरलं नव्हतं, मी वाकून वाकून बघितलं. गावातून वड्यांचा वास येत होता. चौथ्या काठीच्या पुढे शेताकडच्या उतारावर पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. चप्पल तिथेच राहिली. बाजूला एक बीळ, त्यातून पाणी येत होतं, करंगळीएवढं, अगदी बिनआवाजाचं.

मी फोन बघितला. चौथी आणि पाचवी, पिवळी. लाल नाही.

गुडघे टेकून बसले. पहिली ओंजळ घाईत सांडली. दुसरी भरली आणि उन्हात धरली. मला माझ्या हाताची रेघ दिसेना.

आयुष्यात मी कधी मोठ्यानं ओरडले नव्हते. फोन पदरात गुंडाळला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. एक क्षण नुसती खाडी आणि ऊन. मग उघाडीच्या बाजूनं साजिदाची हाक आली, तिच्यामागून गावातून एका म्हाताऱ्या गळ्याची, ओटीवरून, आणि पाठोपाठ घराघरांतून माणसं पानावरून उठल्याचा आवाज.